तांबूचं दूध आणि माहेरची रीत

गाडगं तिरकं केलं तरी आतलं दही जागचं हलता कामा नये, असा आत्याबाईंचा दंडक होता. त्या गुरुवारी सकाळी त्यांनी झाकण काढून गाडगं तिरकं केलं आणि आतून सरळ दूध वाहत आलं. थोडं त्यांच्या पायावर सांडलं. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

"लागलं न्हाई," त्या म्हणाल्या.

मी दवाखान्यात निघाले होते. खांद्याला पिशवी, एका पायात चप्पल, अशी दारातच थबकले. "थंडीनं असेल," असं काहीतरी मी बोलून गेले. वैशाख होता. आत्याबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गजराबाई. सासूला आमच्याकडे आत्याबाईच म्हणतात. शेरेवाडीत त्यांच्या दह्याचा दरारा होता. कुणाच्या घरी कार्य असलं की आचाऱ्याच्या आधी त्यांना सांगावा जायचा. आणि रविवारी तर त्यांच्या स्वतःच्या लेकीचा, माझ्या नणंदेचा, मंदाचा साखरपुडा होता. कराडची मंडळी येणार होती. लग्न ठरवायच्या बैठकीत आत्याबाईंनी भरल्या घरात सांगून टाकलं होतं, "श्रीखंड इकतचं न्हाई. माझ्या तांबूच्या दुधाचं, माझ्या हातचं." त्यावर मुलाची आई हसून म्हणाली होती, "मग आता त्याच्यासाठीच येतो बघा." त्या बाईंनी ते सहज म्हटलं असेल, पण आत्याबाईंनी ते शब्द उचलून देव्हाऱ्यात ठेवले होते.

तांबू म्हणजे आमची गाय. तांबडी, भरल्या अंगाची आणि अतिशय मानी. गुरांची डॉक्टर सून म्हणून घरात आली, आता तांबूची चंगळ, असं गावाला वाटलं होतं. प्रत्यक्षात मला गोठ्यात मज्जाव होता. कारण होतं टिपू कुत्रा.

लग्न होऊन घरात आल्यावर मी पहिलं शहाणपणाचं काम केलं ते टिपूला जंताचं औषध देण्याचं. ते औषध मोठं सभ्य असतं. ते जंताला मारत नाही, नुसतं लुळं करतं. कुत्र्याला काही होत नाही आणि लुळे पडलेले जंत आपोआप बाहेर येतात. सगळं कसब वजन बघून मात्रा बेतण्यात. मी टिपूला उचलून काट्यावर घेतलं होतं, मात्रा चोख बेतली होती आणि औषध अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं लागू पडलं. फक्त ते लागू पडलं ओसरीवर, आत्याबाईंचे थोरले भाऊ जेवायला बसले असताना, त्यांच्या पानापासून हातभर अंतरावर. मामा उठले, चूळ भरली आणि पुढे बरेच दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

"तुझं औषध फार लागतं गं," एवढंच आत्याबाई म्हणाल्या. औषध लागलं म्हणजे चांगलंच की, असं मी बोलणार होते, पण माझ्या नवऱ्यानं, शशिकांतनं, डोळ्यांनीच मला गप्प केलं. तो हायस्कुलात मास्तर. घरात काही पेटायची चिन्हं दिसली की त्याला तपासायच्या वह्या आठवायच्या. तेव्हापासून तांबूची धार आत्याबाई काढणार, तांबूचा चारा आत्याबाई टाकणार आणि मी गोठ्याकडे वळले की, "हेमा, आत ये, दूध उतू जाईल." चुलीवर दूध नसलं तरी.

त्या गुरुवारी दुपारी मी दवाखान्यातून परतले तेव्हा गल्लीतल्या बायका स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मधोमध ते गाडगं. शेजारच्या सोनाक्कानं स्वतःच्या घरचं विरजण आणून दिलं होतं. आत्याबाईंनी ताजं दूध तापवून, कोमट करून, पुन्हा विरजलं होतं. गाडगं चुलीच्या उबेला ठेवलं होतं आणि सगळ्या जणी आजारी माणसाभोवती बसाव्यात तशा बसल्या होत्या.

"दृष्ट लागली असंल," एक म्हणाली.

"गाडग्याला भेग गेली असंल," दुसरी म्हणाली.

सोनाक्कानं पदर सारखा केला. तिनं पदर सारखा केला की पुढे काहीतरी टोचणारं येतंय हे मला एव्हाना कळायला लागलं होतं. "बोलू नये पर बोलते. नवी सून दिवसभर औषधं हाताळती. त्याच हातानं चुलीशी येती. दह्याला त्यो वास सोसत नसंल."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मीही माझ्या हातांकडे बघितलं. मला खरोखर वाईट वाटलं. गावात म्हशीच्या पोटात अडकलेलं रेडकू मी फिरवून काढलं होतं आणि इथे एका गाडग्यानं माझी अब्रू काढली होती.

आत्याबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. तोंड न वळवताच म्हणाल्या, "तिचा हात दिसाकाठी धा वेळा साबणानं धुतलेला असतोय, सोना. तू शेणाचा हात पदराला पुसतीस. तुझं दही लागतंय न्हवं?"

सोनाक्कानं काढता पाय घेतला. बाकीच्याही उठल्या. मला त्यात थोडा आनंद झाला, तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

संध्याकाळी गाडगं पुन्हा उघडलं. आत दूध ते दूधच. आत्याबाई पाटावर बसल्या आणि गुडघ्यांवर हात टाकून म्हणाल्या, "माझा हात गेला, हेमा. रविवारी समद्या कराडाफुडं माझी शोभा." एवढी खमकी बाई, पण आवाज कापत होता. मंदा आत जाऊन रडायला लागली. शशिकांतला वह्या आठवल्या.

मी त्या दुधाचा थेंब बोटावर घेतला, वास घेतला, चाखून बघितला. आणि थांबले. दही लागलं नव्हतं ते सोडा. ते दूध नासलंही नव्हतं. वैशाखाच्या उकाड्यात, चुलीच्या उबेला, दिवसभर पडून ते सकाळी काढल्यासारखं गोड होतं. सोनाक्काच्या विरजणानं तिच्या घरी दही लागतं, मग विरजण चांगलं. म्हणजे जे काही आहे ते दुधात आहे. आणि ते असं आहे, की दुधाला दही होऊ देत नाही आणि खराबही होऊ देत नाही. दुधात जिवाणू वाढूच देत नाही.

हे कॉलेजात आम्हाला फळ्यावर शिकवलं होतं. गाईच्या कासेत रोगजंतू शिरले की प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतात. औषध रक्तात जातं, रक्तातून कासेत, कासेतून दुधात. मग काही दिवस ते दूध वापरायचं नसतं. उकळून ते औषध मरत नाही. आणि त्या बिचाऱ्याला आपलं कोण नि परकं कोण हे कळत नाही. कासेतल्या वाईट जंतूंना मारतं, तसंच दही लावणाऱ्या भल्या जंतूंनाही मारतं.

पण तांबूला इंजेक्शन दिलं कुणी? मी तर दिलं नव्हतं.

उत्तर लुनावर बसून आलं. दारात फटफट ऐकू आली आणि गुलाबराव उतरले. गुलाबराव एकेकाळी गुरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टीला होते. निवृत्तीनंतर पंचक्रोशीत खाजगी सुई टोचत फिरायचे. ओसरीवर मला बघितल्याबरोबर त्यांनी हातातली कातड्याची पिशवी पाठीमागे नेली. ती चांगली मोठी होती, दोन्ही बाजूंनी दिसत राहिली.

"कसं काय येणं केलंत, भाऊ?" मी विचारलं.

"चहाला," गुलाबराव म्हणाले.

"चहाला," आतून आत्याबाई जरा मोठ्यानेच म्हणाल्या. "मीच बलावलं. लई दिस आलं नव्हतं."

गुलाबरावांनी चहा घेतला. मग दुसरा घेतला. त्यांची नजर गोठ्याकडे, माझी त्यांच्याकडे, आत्याबाईंची जमिनीकडे. मला सगळं उमगलं आणि राग डोक्यात गेला. घरात पदवीधर डॉक्टर सून आणि तिला चोरून गाईला सुई! पण रागाच्या मागोमाग दुसरीही गोष्ट आठवली. अशा औषधाचा डोस अर्ध्यात सोडला तर जंतू मरत नाहीत, उलट निबर होतात. तांबूचा यात काय दोष?

"मी जरा तुळशीला पाणी घालून येते," मी म्हटलं. "सावकाश घालते. तोवर तुमचा चहा होऊ द्या, भाऊ."

तुळशीला मी एकदा पाणी घातलं, गोठ्यातून तांबूची लाथ बादलीवर बसल्याचा आवाज आला, म्हणून दुसऱ्यांदा घातलं. गुलाबराव बाहेर पडले तेव्हा फाटकाशी मी त्यांना गाठलं.

"कासेला काय झालंय?"

ते एवढेसे झाले. "मागचा डावा सड. दगडावानी घट्ट झाला हुता. आता मऊ पडतोय. बाई, मी बजावलं हुतं, चार दिस दूध वता म्हणून. त्या म्हणाल्या, लक्ष्मी हाय, कशी वतू? माझं तरी काय चालतंय त्यांच्याफुडं?"

हे मात्र मला पटलं. त्यांच्यापुढे कुणाचंच चालत नव्हतं. आत्याबाईंनी उभ्या जन्मात दुधाचा थेंब जमिनीवर ओतला नव्हता. खाली सांडलेल्या दुधाला बोट लावून त्या ते कपाळाला लावायच्या.

आता उपाय सोपा होता. तांबूचं दूध बाजूला ठेवायचं, दुसऱ्या घरचं दूध आणायचं, नवं विरजण लावायचं. पण तांबूचं दूध का बाजूला ठेवायचं, हे सांगायला गेलं की मला सगळं कळलंय हे सांगणं आलं. आणि ती बाई आपल्याच चुलीपुढे, लेकीच्या साखरपुड्याच्या तोंडावर, सुनेसमोर खाली मान घालून बसणार. दुपारी बायकांसमोर माझ्या हाताची बाजू त्यांनी घेतली होती. ते माझ्या मनातून जात नव्हतं. मी रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी चहाच्या वेळी तोंड उघडलं.

"आत्याबाई, एक सांगायचं राहिलं. आमच्या माहेरी रीत आहे. नणंदेच्या साखरपुड्याच्या श्रीखंडाला घरच्या गाईचं दूध चालत नाही."

आत्याबाईंची बशी ओठांशीच राहिली.

"का?"

हा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं. "गाय म्हणजे घरच्या मुलीची बहीण. बहीण घर सोडून जाणार म्हणून तिला वाईट वाटतं. रडत्या गाईचं दूध... शुभ नसतं." माझे कान तापले. पदव्युत्तर शिक्षणाला नंबर लागता लागता राहिलेली मी, सासूला रडत्या गाईचं शास्त्र समजावत होते.

"मग दूध कुणाचं?"

"शेजारच्या घरांचं. आणि विरजण सुनेनं आणायचं. गावाबाहेरून."

"आन् गाईच्या दुधाचं काय करायचं?"

हेही मी ठरवलं नव्हतं. "बाजूला ठेवायचं. साखरपुडा होईपर्यंत."

आत्याबाईंनी चहा संपवला, बशी उपडी घातली आणि म्हणाल्या, "रीत हाय म्हटल्यावर पाळाय पायजे."

मी दवाखान्याच्या गावातून आमच्या शिपायाच्या बायकोकडून विरजण आणलं. दुधासाठी गल्लीत फिरले. प्रत्येक घरी एकच गोष्ट आधी विचारायची: "गुलाबराव इतक्यात तुमच्याकडे चहाला आले होते का?" दोन घरांनी हो म्हटलं. त्यांचे आभार मानून मी पुढे गेले. गुलाबरावांची आणि माझी एवढी काय सलगी, अशी गल्लीत कुजबुज झाली, ती मी सोसली.

शुक्रवारी संध्याकाळी दूध विरजलं. शनिवारी सकाळी आत्याबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पातेलं तिरकं केलं. दही जागचं हललं नाही. त्यांनी ते आणखी तिरकं केलं. मंदानं डोळे मिटून घेतले. दही तसंच. "लागलं," आत्याबाई म्हणाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. दुपारपर्यंत पंच्यात बांधलेला चक्का माळवदाच्या कडीला लोंबत होता आणि टिपू त्याच्याखाली हटून बसला होता.

रविवारी कराडची मंडळी आली. साताऱ्याहून माझी आईही आली. माझी आई म्हणजे दही डेअरीच्या पिशवीतून आणणारी बाई. विरजण कशाशी खातात तेही तिला ठाऊक नव्हतं. पंगत बसली. मुलाच्या आईनं श्रीखंडाची पहिली बोटभर चव घेतली आणि डोळे मिटले. "बाई, काय हात आहे तुमचा," ती म्हणाली. आत्याबाईंच्या तोंडावर जे हसू आलं ते मी लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते.

मग त्या आईकडे वळल्या. "माझं काय न्हाई. ह्यांची रीत पाळली म्हणून जमलं. विहीणबाई, तुमच्याकडं नणंदेच्या साखरपुड्याला घरच्या गाईचं दूध चालत न्हाई न्हवं?"

वाढता वाढता माझा हात थांबला. आईनं माझ्याकडे बघितलं. मी कशी दिसत असेन ते देवाला माहीत. आईनं पुरीचा तुकडा मोडला.

"छे छे," ती म्हणाली. "अजिबात चालत नाही. आमच्या आजेसासूबाईंपासून आहे ते."

मग मुलाची आई मान हलवून म्हणाली, "आमच्याकडंही आहे. आम्ही फक्त इतकं कडक पाळत नाही."

"आमच्याकडं बी हाय," सोनाक्का पदर सारखा करत म्हणाली. "पर हल्लीच्या पोरींना काय ठावं."

त्या दिवसापासून ती शेरेवाडीची रीत झाली. गेल्या वर्षी सोनाक्काच्या नातसुनेनं मलाच ती समजावून सांगितली, रडत्या गाईसकट. मी आता पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झाले आहे. मी मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर भांडी घासायला घेतली तर गोठ्यातून हाक आली. "हेमा, इकडं ये."

पहिल्यांदाच. मी हात पुसत गेले. आत्याबाई तांबूच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या. कोपऱ्यात दोन कळश्या झाकून ठेवल्या होत्या, रीत म्हणून बाजूला ठेवलेल्या दुधाच्या.

"तुझी आई खोटं बरं बोलती," त्या म्हणाल्या. "तुला न्हाई जमत. तुझं कान लाल हुत्यात."

माझा हात नकळत कानाकडे गेला.

"तुळशीला दोनदा पाणी घातलंस तवाच मला कळलं. येवढं पाणी तुळस पितीय व्हय?"

"मग रीत का पाळलीत?"

"तू मला माझ्या चुलीफुडं उघडी पाडली न्हाईस. मग मी तुला कशाला पाडू?"

मला बरं वाटलं, पण पोटात ठसठसत होतं ते बाहेर आलंच. "मला का नाही बोलावलंत? टिपूच्या वेळेपासून माझ्या औषधावर तुमचा भरवसाच नाही."

आत्याबाईंनी तांबूच्या मानेवरची गोचीड काढली, चपलेखाली रगडली. मग म्हणाल्या, "भरवशाचं न्हाई गं. गुरंढोरं हायत, कमीजास्त हुतंय. तांबूचं काय झालं असतं तर गुलाबरावाला मी गावभर शिव्या घातल्या असत्या. वर्षभर त्याचं तोंड बघितलं नसतं. तुला कशा शिव्या घालू? तुझं तोंड रोज बघायचं हाय मला. गाय काय, दुसरी बांधता येती."

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी खाली बसले आणि तांबूच्या कासेला हात घातला. मागचा डावा सड अजून जरासा टणक लागत होता. तांबूनं लाथ उचलली. "ए, घरची हाय ती," आत्याबाईंनी दटावलं, आणि तांबूनं पाय खाली ठेवला. मी तो सड हलक्या हातानं मोकळी पिळून काढली. अजून थोडे दिवस दूध वापरायचं नाही, वासरालाही नाही, असं सांगितलं. आत्याबाईंनी निमूट ऐकून घेतलं.

मग कळश्यांकडे बोट केलं. "तू वत. माझ्यानं बघवायचं न्हाई."

मी कळश्या उचलून परसातल्या खड्ड्याशी नेल्या. त्या गोठ्याच्या दारात आल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, तोंड तांबूकडे. मी ओतलं. पांढरं दूध मातीत मुरताना मलाही बघवलं नाही.

"झालं?" त्यांनी तशाच पाठमोऱ्या विचारलं.

"झालं."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. "आता म्होरं रीत काढशील तवा आधी तुझ्या आईला सांगून ठीव. घास अडकला हुता तिच्या नरड्यात."